पडवीत मावेल तेवढंच कापायचं

२७ ऑक्टोबर २०१९. लक्ष्मीपूजनाचा दिवस. पाऊस दुपारी जरा थांबला म्हणून मी खालच्या खाचरात गेले. पाच दिवसांपूर्वी कापून आडवं टाकलेलं भात तसंच पडलं होतं. एक कडपा उचलायला हात घातला तर तो सहज उचलला जाईना. ओढला तेव्हा खालून बारीक चर्र असा आवाज आला आणि कडप्याबरोबर चिखलाचा पातळ थर वर आला. लोंबीतल्या दाण्यांना कोंब फुटले होते आणि त्यांची पांढरी मुळं थेट जमिनीत उतरली होती. आंबूस, थोडा गोडसर वास येत होता. बियाणं भिजत घालून दडपून ठेवलं की येतो तसा. आईला दाखवायला मी मूठभर लोंब्या घरी नेल्या. तिने त्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि न बोलता गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकल्या.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यातलं. कसतो ती भातशेती सगळी मिळून २८ गुंठे: वरची दोन खाचरं, मधलं एक आणि वहाळाला (ओढ्याला) लागून खालचं एक. चांगल्या वर्षी दहा क्विंटलच्या आसपास भात येतं. विकायला फारसं उरत नाही, घरात खायला आणि मुंबईच्या दोन घरांना पाठवायला पुरतं. कापणीला हात चार: आई, काका, वहिनी आणि मी. पूर्वी वाडीत सावड असायची, आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. आता वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमग्यालाच उघडतात.

त्या वर्षी आमचं नेमकं काय चुकलं ते मी नंतर वहीत दिवसवार लिहून काढलं. हे प्रकरण त्या वहीवरून लिहिते आहे. पावसामुळे नुकसान झालं हे खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. आमच्या बांधाला बांध लावून असलेल्या एका शेतकऱ्याचं भात त्याच पावसात सापडूनही पुष्कळसं वाचलं. त्याने ते अजून कापलंच नव्हतं.

तेरा दिवस

२०१९ चा पाऊस सुरुवातीपासूनच उशिराचा. मोसमी पाऊस कोकणात पोचायला २० जून उजाडला. लावणी लांबली, तशी पुढची सगळी गाडी लांबली. परतीचंही तेच. देशाच्या वायव्य भागातून मोसमी पाऊस ९ ऑक्टोबरला मागे फिरायला लागला. इतक्या उशिरा त्याने माघार घेतल्याची नोंद त्याआधी कधीच नव्हती. १३ ऑक्टोबरला कोजागरी झाली. तिला आमच्याकडे नवान्न पौर्णिमा म्हणतात. दाराला नवं बांधलं तेव्हा लोंबी खालच्या अर्ध्या भागात हिरवीच होती. १६ तारखेला पाऊस देशातून पूर्ण गेल्याचं जाहीर झालं आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढचे पाच-सहा दिवस सर येऊन जायची, पण ती नेहमीची असंच धरून चाललो.

२१ ला विधानसभेचं मतदान झालं. २२ ला सकाळी कडक ऊन पडलं. खालच्या खाचरातलं भात कापणीला आलं होतं, दिवाळी तोंडावर होती आणि मुंबईहून आलेला चुलतभाऊ दोन दिवस मोकळा होता. पाच विळे एकदम चालले आणि दिवसभरात १२ गुंठे आडवे झाले. आम्हाला मोठं काम उरकल्यासारखं वाटलं. दोन दिवस ऊन खाऊ दे, मग बांधू, भारे खळ्यात आणू आणि दिवाळी झाली की झोडू, असा विचार. आजोबाही असंच करायचे. कापलेलं भात शेतात वाळवणं ही आमच्याकडची रीतच.

२३ ला दुपारी सर आली. २४ ला अरबी समुद्रात रत्नागिरीच्या पश्चिमेला कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं आणि त्याचं पुढे ‘क्यार’ चक्रीवादळ झालं. ते किनाऱ्याला लागलं नाही, पण २४ आणि २५ ला आमच्याकडे पाऊस नुसता कोसळत होता. २७ ला ‘क्यार’ महाचक्रीवादळाच्या ताकदीला पोचलं तेव्हा ते आमच्यापासून दूर गेलेलं होतं. ३० ला लक्षद्वीपकडे ‘महा’ उठलं. म्हणजे २२ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या तेरा दिवसांत सलग दोन दिवस ऊन मिळालंच नाही. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ असं म्हणतात. स्वाती नक्षत्र २४ ला लागलं. उभ्या रानाला आणि पुढच्या पेरणीला ते पाणी मोत्याचं असेलही. आमचं भात जमिनीवर पडलेलं होतं.

आम्ही वाचवायला गेलो तिथे

२६ ला उघडीप मिळताच आम्ही वरच्या अंगाचे, कमी भिजलेले वाटणारे कडपे गोळा केले. भारे बांधून खळ्यात आणले, त्यांची उडवी रचली आणि निळी ताडपत्री चारही बाजूंनी गच्च आवळून बांधली. पाणी आत जायला नको एवढंच डोक्यात होतं. पाणी आधीच आत होतं हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी सवयीने उडवीत कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मीही घातला. आत ऊन ऊन लागत होतं, नुकत्या उतरवलेल्या भाताच्या टोपात हात जावा तसं. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब साचले होते आणि तेच थेंब परत पेंढीवर टपकत होते. ओलं धान्य श्वास घेतं, त्यातून उष्णता आणि वाफ निघते. वाफेला वाट मिळाली नाही की बुरशी धरते, आणि त्या उबेत आतला तांदूळ पिवळा पडतो. हा पिवळेपणा तुसाच्या आत असतो, त्यामुळे भात हातात घेऊन तो दिसत नाही. आम्ही उडवी मोडली, भारे पडवीत उभे केले, झोडले. वरून दाणा चांगला दिसत होता. आईने दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, “वाचलं वाटतं हे.”

जानेवारीत गिरणीत गेल्यावर कळलं. जया या आमच्या जाड दाण्याच्या जातीचा तांदूळ एरवी भरडून येतो तेव्हा वजनात भाताच्या दोनतृतीयांश भरतो आणि बहुतेक अख्खा असतो. या वेळी सुपात घेतला तर अख्खा दाणा शोधावा लागत होता. कणीच कणी, आणि जो अख्खा होता त्यात पिवळे दाणे. गिरणीवाल्यावर राग निघाला. यंत्र घट्ट लावलंय, पट्टा जुना आहे, असं काय काय आम्ही बोललो. त्या माणसाची चूक नव्हती. वाळलेला दाणा परत भिजला की बाहेरून फुगतो, आत मात्र कोरडाच राहतो. या ओढाताणीत त्याला आडव्या बारीक चिरा जातात. पाऊस, ऊन, पाऊस, ऊन असं चार वेळा झालं की तुसाच्या आत दाणा तडकलेलाच असतो. गिरणी तो फक्त वेगळा करून दाखवते. म्हणजे नुकसान ऑक्टोबरात शेतात झालं आणि दिसलं जानेवारीत गिरणीत. हे अंतर मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण त्यामुळेच दरवर्षी आपण चुकीच्या ठिकाणी दोष शोधतो.

कागदावरचं नुकसान

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले, फोटो काढले. राष्ट्रपती राजवट होती. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत जाहीर केली. २८ गुंठ्यांचे त्या दराने २,२४० रुपये होतात. आमचा सातबारा सामाईक, त्यावर चार नावं, त्यातली दोन मुंबईला. संमतीपत्रं गोळा करण्यातच आमचा पुढचा महिना गेला.

पीक विम्यात तेव्हा याच प्रकारच्या नुकसानीसाठी तरतूद होती. कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकाचं कापणीपासून १४ दिवसांच्या आत चक्रीवादळाने किंवा अवकाळी पावसाने नुकसान झालं तर भरपाई मागता यायची. त्यासाठी ७२ तासांत कळवावं लागायचं. आमच्यावर पीककर्ज नव्हतं, म्हणून विमा आपोआप कापला गेला नाही आणि आपणहून काढायचं सुचलं नाही. ही आमची हयगय. ज्यांच्याकडे असा विमा असेल त्यांनी कळवायची मुदत दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. पावसात पहिले तीन दिवस माणूस भात उचलण्यात असतो, फोन करायचं भान राहत नाही.

देशपातळीवरचा भाताचा काढणी आणि काढणीनंतरच्या नुकसानीचा आकडा २०१५ च्या लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या अहवालात ५.५३ टक्के आहे. त्यातला फार मोठा भाग शेतातल्या आणि खळ्यातल्या कामांतला, साठवणीतला एक टक्क्याहूनही कमी. आपल्याकडे सल्ला मात्र बहुतेक वेळा कोठी, उंदीर आणि सोंड्या यांच्याबद्दलच मिळतो. दुसरं म्हणजे हा अहवाल वजनातल्या घटीचा आहे. आमच्या उडवीतलं भात वजनाला जवळपास पुरं भरलं असतं. त्याची कणी झाली, तांदूळ पिवळा पडला, मुंबईला पाठवायची लाज वाटली, हे त्या टक्केवारीत कुठेच येत नाही.

२०२०: मोजणी पडवीपासून

पुढच्या मे महिन्यात आम्ही बसून उलटा हिशेब केला. आजवर कापणी किती करायची हे हात किती आहेत यावर ठरायचं. पाच माणसं असली की पाच माणसांएवढं कापायचं. पण कापलेलं भात ओलं असतं. दाण्यात २० ते २५ टक्के ओलावा असतो, तो १४ टक्क्यांवर आला तर ते पोत्यात टिकतं. मधल्या दिवसांत ते पावसाच्या आड पसरायला जागा हवी. ती किती आहे हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

पडवी मोजली. सामान हलवून मोकळी जागा १२ चौरस मीटर. चार सेंटीमीटर जाडीचा थर दिला तर एका चौरस मीटरवर साधारण २३ किलो भात बसतं. म्हणजे पडवीत एका वेळी पावणेतीनशे किलो. आमच्या शेताच्या उताऱ्याने हे सात गुंठ्यांचं ओलं भात. २२ ऑक्टोबरला आम्ही १२ गुंठे कापले होते. त्या दिवशी ऊन असतं किंवा नसतं, घरात त्यातल्या पाच गुंठ्यांना जागाच नव्हती. चूक आभाळ पाहण्यात झाली असं मी वर्षभर मानत होते, ती झाली होती अंगणात.

मग नियम ठरला: सात गुंठे कापायचे, त्याच दिवशी भारे घरी, संध्याकाळपर्यंत झोडून दाणा पडवीत. कापलेलं शेतात रात्र काढणार नाही. पुढचे सात गुंठे पडवी रिकामी झाल्यावर. ओलं भात झोडता येतं का, ही काकांची शंका रास्त होती. येतं. थोडा जोर जास्त लागतो आणि काही दाणे पेंढीला राहतात. आम्ही पायाने चालवायचं मळणी यंत्र भाड्याने आणलं. दोघांनी पाय मारायचा, एकाने पेंढी धरायची, एकाने द्यायची. ओल्या पेंढीलाही ते चाललं. पेंढा वेगळा उभा करून वाळवला तो गाईला मिळाला. आदल्या वर्षीचा सगळा काळा पडून गेला होता.

चार वेळा कापायचं तर सगळं भात एकाच आठवड्यात तयार होऊन चालणार नाही. २०१९ मध्ये बियाण्याची एकच पिशवी आणून चारही खाचरांत जया लावला होता. तो निमगरवा, म्हणजे मध्यम मुदतीचा. २०२० ला वरच्या दोन खाचरांत कर्जत ३ हे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात आणि खाली जया, तोही दोन खेपांत रोपं काढून. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हळवं लावलं की पाऊस चुकतो, असं नाही. हळवं सप्टेंबरअखेर तयार होतं आणि तेव्हा हस्ताचा पाऊस असतो. अनेकजण हळव्याला दोष देतात तो याचमुळे. आम्ही पावसाला चुकवण्यासाठी जाती बदलल्या नाहीत. एका वेळी पडवीत मावेल एवढंच भात पिकावं म्हणून बदलल्या.

थांबण्याची किंमत

सगळ्यांना भीती होती ती वेगळी. भात पिकून उभं राहिलं तर झडणार, त्याचं काय? भीती खरी आहे. तयार झालेल्या लोंबीला धक्का लागला की दाणा गळतो, आणि लोंब्या कुरतडणारी लष्करी अळी आली तर एका रात्रीत खाचर खाली येतं. म्हणून आम्ही रोज सकाळी बुंध्याशी बघत होतो आणि अळी दिसली तर पडवीचा नियम बाजूला ठेवायचा, असं आधीच ठरवलेलं होतं. झड मात्र मोजता येते. सुतळीने एक मीटर बाय एक मीटर चौकोन करायचा, कापणीनंतर तो खाचरात पाच जागी टाकायचा आणि आतले पडलेले दाणे मोजून सरासरी काढायची. जाड दाण्याचे हजार दाणे साधारण २५ ग्रॅम भरतात, म्हणून सरासरीला ४ ने भागलं की हेक्टरी किलो मिळतात. दाणा बारीक असेल तर ५ ने भागावं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला परत तोच प्रसंग आला. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्रचा किनारा ओलांडून महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे सरकला आणि १४ ते १६ तारखेला पाऊस झाला. हळवं घरात आलेलं होतं. जया उभा होता, आम्ही त्याला हात लावला नाही. खाचराचं पाणी आठ दिवस आधीच बांध फोडून काढून दिलं होतं, त्यामुळे बुंधे बसले नाहीत. एका कोपऱ्यात थोडं लोळलं. पाऊस गेल्यावर दोन दिवस वारा लागू दिला आणि मग कापलं. वहाळालगतचे शेवटचे सात गुंठे व्हायला हवे होते त्यापेक्षा दहा दिवस उशिरा कापले. तिथे चौकोन टाकले: सरासरी २४० दाणे. म्हणजे हेक्टरी ६० किलो, सात गुंठ्यांत चार किलोहून थोडे जास्त.

चार किलो. वहिनीने तो आकडा मोठ्याने वाचला. आदल्या वर्षी याच चार किलोंच्या भीतीने आम्ही १२ गुंठे चिखलात निजवले होते.

मिठाची बाटली

वाळलं की नाही हे आई दाताने ठरवते. दाणा कटकन तुटला की झालं. तिचा अंदाज सहसा चुकत नाही, पण २०१९ चं उडवीतलं भातही तिने दाताखाली धरलेलं होतं, म्हणून मला दुसरी खूण हवी होती. कृषी सेवा केंद्रात ओलावा मोजायचं यंत्र असतं, आमच्यापासून ते लांब. मिठाची रीत घरातच होते. काचेची कोरडी बरणी घ्यायची. तव्यावर भाजून गार केलेलं बारीक मीठ तळाला दोन चमचे, वर एकतृतीयांश भरेल इतकं भात. झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवायची आणि पंधरा मिनिटं ठेवून द्यायची. काचेला मीठ चिकटून राहिलं तर भात अजून ओलं. मीठ खडखडीत खाली पडलं तर पोत्यात भरायला हरकत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, आणि बंद बरणीत भाताच्या आजूबाजूची हवा त्या मर्यादेखाली राहते तेव्हा भाताचा ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास असतो. मीठ भाजायला विसरायचं नाही. आमच्या हवेत डब्यातलं मीठ आधीच ओलसर असतं आणि ते खोटं सांगतं.

पहिल्या दिवशी मीठ काचेला थापल्यासारखं चिकटलं. तिसऱ्या दिवशी खाली अर्ध्या भागात. पाचव्या दिवशी काच स्वच्छ. या पाच दिवसांत दर तासाला कोणीतरी पडवीत अनवाणी फिरून पायाने भात वरखाली करत होतं. २२ टक्के ओलाव्याचं १०० किलो भात १४ टक्क्यांवर आलं की ९१ किलो भरतं. ते नऊ किलो पाणी आहे, तूट नव्हे. विकणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावं, कारण हमीभावाच्या खरेदीत १७ टक्क्यांवरचा ओलावा चालत नाही आणि खासगी व्यापारी ओल्या भाताला कापून देतो तो याच पाण्याचे.

साठवणीत आम्ही फारसं काही बदललं नाही. कणगीखाली दगड आणि फळ्या घालून ती वीतभर उचलली. बियाण्यापुरतं हवाबंद पिशवीत ठेवलं. त्यात पतंग आणि सोंडे हवेविना मरतात, पण भात आधी पुरं वाळलेलं हवं, नाहीतर २०१९ ची ताडपत्री परत होते.

जानेवारी २०२१ ला त्याच गिरणीत, त्याच यंत्रावर भरडलं. कणी आली ती नेहमीएवढी.

काय सुटलं नाही

२०२० चं यश जेवढं रीतीचं तेवढंच टाळेबंदीचं होतं. मुंबईची दोन घरं मार्चपासून गावी होती. चारऐवजी नऊ हात होते आणि पडवीत रात्री भात हलवायलाही माणूस असायचं. २०२१ ला सगळे परत गेले. सात गुंठे कापून, वाहून, त्याच दिवशी झोडणं चौघांना झेपेना. आम्ही माप पाच गुंठ्यांवर आणलं आणि कापणी सहा खेपांत गेली. शेवटच्या खेपेला आईची कंबर धरली. शेजारच्या दोन घरांशी बोलून सावड पुन्हा सुरू केली, आता ती फक्त झोडणीच्या संध्याकाळपुरती आहे: ज्याच्या पडवीत भात उतरेल त्याच्याकडे तिन्ही घरं. मळणी यंत्र तिघांत मिळून घ्यायचं चाललं आहे, ते कोणाच्या गोठ्यात राहील यावर अडलंय.

वहाळालगतच्या खाचराचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. तिथलं पाणी आठ दिवस आधी बांध फोडूनही पुरतं निघत नाही, शेजारच्या वरच्या बांधातून झिरपत राहतं. तिथे हळवं लावलं तर सप्टेंबरात चिखलात उभं राहून कापावं लागतं, गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं लावलं तर नोव्हेंबरपर्यंत रानडुकरं थांबत नाहीत. या वर्षी बांधाच्या कडेने हातभर खोल चर काढला आहे. पडवी आई दसऱ्याच्या आधीच सारवून ठेवते, आणि तिथे तेव्हापासून काहीही ठेवलेलं तिला चालत नाही.